महासतीजींनी नियम दिला नाही

माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं, तेव्हा रिसोडातल्या प्रत्येक माणसाला माझ्या बीडीबद्दल काहीतरी सांगायचं होतं. कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सांगायचं, शेजारचा किराणावाला सांगायचा, एस.टी.त बाजूला बसलेला अनोळखी माणूससुद्धा माझ्या पायाकडे बघून सांगायचा. सगळ्यांचं सांगणं एकच, बीडी सोडा. जसं काही हे मला आजवर सुचलंच नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून मी बीडी ओढत होतो आणि त्यातली निम्मी वर्षं ती सोडण्याच्या विचारात गेली होती, हे त्यांना कोण सांगणार? सोडा म्हणणारे गावभर होते, कशी सोडायची ते सांगणारा एकही नव्हता. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो तरी त्या सल्ल्यांची आठवण झाली की माझी कानशिलं तापतात.

दुखणं सुरू झालं ते पोटरीपासून. दुकानापासून घरापर्यंत चालायचं म्हटलं तरी पोटरी भरून यायची, मग एखाद्या ओट्याला टेकून उभं राहायचं, कळ ओसरली की पुन्हा चालायचं. मग बोटाचा रंग बदलला. आमचा जिल्हा तेव्हा अकोला होता, म्हणून अकोल्याच्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पाय दाबून पाहिला, घोट्याजवळ नाडी चाचपली, ती लागेना. म्हणाले, तंबाखूनं तुमच्या पायाच्या शिरा बंद होत चालल्या आहेत. बीडी पूर्ण सुटली तर पाय वाचेल, चालू राहिली तर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय कापावा लागेल. मी विचारलं, "साहेब, कशी सोडू?" ते म्हणाले, "मनाचा निग्रह करा." आणि समोरच्या राखदाणीत ठेवलेली आपली सिगारेट उचलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून रागानं धुमसत होतो आणि मेडशीला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून मी दोन बीड्या लागोपाठ ओढल्या.

निग्रह म्हणजे काय ते मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती. आम्ही स्थानकवासी जैन. आमच्याकडे पर्युषणात उपवास होतात, ते साबुदाण्याचे नव्हे. दिवसभर फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तानंतर नाही. असे सलग आठ दिवस केले की त्याला अठ्ठाई म्हणतात. मी कित्येक अठ्ठाया केल्या होत्या. पारण्याच्या दिवशी वाजतगाजत घरी आणत, आमच्या जैन संघात सत्कार होई, गावातल्या आयाबाया मुलांना माझ्या पाया पडायला लावत. आणि याच माणसाला बीडी सुटत नाही म्हणून तीच माणसं पाठीमागे हसत. संघाचे चिटणीस तर तोंडावर म्हणायचे, "आठ दिवस अन्नाशिवाय राह्यणारा माणूस तुमी, अन् बोटभर बीडीपुढं हात टेकता?" हे गृहस्थ तंबाखूचे ठोक व्यापारी होते. त्यांच्या गोदामातून आसपासच्या खेड्यांना बीडीचे गठ्ठे जात. मला उपदेश करून ते गोदामात जाऊन बसत आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

त्या वर्षी रिसोडला महासतीजींचा चातुर्मास झाला. आमच्या साध्वींना आम्ही महासतीजी म्हणतो. त्या चार महिने एका गावी राहतात आणि बाकीचे आठ महिने पायी फिरतात. खरं तर त्यांचं पुढच्या गावी जायचं ठरलं होतं, पण त्यांच्यातल्या वयस्कर महासतीजींचा पाय रिठदच्या अलीकडे मुरगळला आणि त्या इथेच थांबल्या. व्याख्यान धाकट्या महासतीजी द्यायच्या. नगरकडच्या होत्या, मराठी बोलायच्या, आवाज बारीक पण शब्दन् शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. व्याख्यान संपलं की लोक उभे राहून नियम मागत. कोणी चार महिने बटाटा सोडे, कोणी रात्रीचं जेवण, पोरं गोळ्या-चॉकलेट सोडत. त्या पाठ म्हणत आणि मागणारा हात जोडून "वोसिरामि" म्हणे, म्हणजे मी त्यागलं. साधूसमोर घेतलेला असा नियम मोडणं आमच्यात फार मोठं पाप समजतात. मी ठरवलं, हाच उपाय. पापाच्या भीतीनं तरी सुटेल.

एका रविवारी स्थानक, म्हणजे आमचं धर्मसाधनेचं सभागृह, गच्च भरलेलं असताना मी उभा राहिलो. म्हणालो, "मला बीडीचा यावज्जीव नियम द्या." यावज्जीव म्हणजे मरेपर्यंत. सभेत कुजबुज झाली, बायकांच्या बाजूनं कोणीतरी "धन्य धन्य" म्हणालं, चिटणीस माझ्याकडे वळून हसले.  महासतीजी म्हणाल्या, "आज नाही देत." मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो. त्या म्हणाल्या, "ऐकलं भाई. आज नाही. उद्या दुपारी घरच्यांना घेऊन या." आणि त्यांनी पुढच्या पोराला गोळ्यांचा नियम दिला.

माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला ते काय सांगू. त्या पोराची गोळी सोडवतात आणि माझा पाय चाललाय तरी मला नियम देत नाहीत. संपूर्ण संघासमोर माझी शोभा झाली होती. घरी आल्यावर मी पगडी खुंटीला आणि राग बायकोवर टांगला. आमचा धर्म सांगतो की तीर्थंकर कोणाचं काही करत नाहीत, वर देत नाहीत, संकटात धावून येत नाहीत. आपलं आपल्यालाच करायचं असतं. एरवी हे मला मोठं मर्दानी वाटे. त्या दिवशी मात्र वाटलं, हा कसला धर्म, ज्यात देवावर रागवायचीसुद्धा सोय नाही. उरल्या होत्या महासतीजी, तर त्यांनीही दार लावून घेतलं. बायको शांतपणे भाजी चिरत होती. म्हणाली, "त्याईनं उद्या बोलावलं ना तुमाले? मग उद्या जाऊन भांडा तिथं. मले काहून बोलून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी खरोखर भांडायलाच गेलो. बायको सोबत होती, कारण साध्वींपाशी पुरुषानं एकट्यानं जायचं नसतं. दोघी महासतीजी बसल्या होत्या. मी वंदन केलं आणि लगेच विचारलं की माझ्यात काय खोट दिसली. धाकट्या महासतीजी म्हणाल्या, "खोट नाही. तुम्ही नियम परवापर्यंत मोडला असता, मग पापाच्या लाजेनं दुप्पट ओढली असती. मला आधी सांगा, सकाळी उठल्यावर तुम्ही पाणी आधी घेता की बीडी?" मी म्हणालो, पाणी कसं घेईन, माझी रोजची नवकारशी असते. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घडी होईपर्यंत तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. "आणि बीडी?"  बीडी अंथरुणात उठून बसतानाच लागायची. ती खाण्यात येत नाही आणि पिण्यातही येत नाही, असा मी माझ्यापुरता निकाल कधीचाच लावून टाकला होता. बायको म्हणाली, "डोळे उघडायच्या आधी काडीपेटी चाचपते महाराज साहेब." साध्वींनाही आमच्याकडे महाराज साहेब अशीच हाक मारतात.

त्यांनी त्यावर काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मला भांडायला मिळालं असतं. त्यांनी पुढचं विचारलं, "अठ्ठाईत ओढता?" मी म्हणालो, छे, आठही दिवस मी स्थानकातच मुक्कामाला असतो, तिथे बीडीचं नावही नाही. "मग तेव्हा काय होतं?" मी अभिमानानं सांगितलं की पहिले तीन-चार दिवस डोकं फुटायची वेळ येते, झोप नाही, कोणी बोललेलं खपत नाही, हात कापतात, उपवास म्हटला की हे सोसायचंच. नंतर शांत होतं. तेव्हा बायको मध्येच बोलली. "म्या बी दोन अठ्ठाया केल्या. माह्यं तर डोकं नाई दुखलं. अशक्तपणा आला, बस."  मग महासतीजी सावकाश म्हणाल्या, "भाई, त्या चार दिवसांचं दुखणं उपवासाचं नव्हतं. शरीर बीडी मागत होतं. तुम्ही न देता बसून राहिलात आणि ते मागायचं थांबलं. आठव्या दिवशी तुम्ही सुटलेले होता."

मी तिथून उठलो तो सरळ बाहेर येऊन लिंबाखाली उभा राहिलो. मला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं, पण सगळ्यात जास्त येत होता तो संताप. दर वर्षी, दर अठ्ठाईला मी सुटलो होतो. सगळ्यात कठीण डोंगर चढून पलीकडे उतरलो होतो. आणि दर वर्षी पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी पिऊन, हार गळ्यात असताना, दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन मी पहिली बीडी पेटवत होतो. सत्कार करणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात हे आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही. मला स्वतःला सुचलं नाही, कारण मी तो सगळा त्रास तपाच्या खात्यात जमा करून मोकळा झालो होतो. उपवासाचं कौतुक ज्याला नाही अशा माणसाची अशी फसगत झालीच नसती. ती आमच्यासारख्यांचीच व्हायची.

महासतीजींनी मला काम दिलं ते असं, की बीडी इतक्यात सोडायची नाही, फक्त बघायची. पेटवण्याआधी स्वतःला विचारायचं, हे शरीर मागतंय की जागा मागतेय? मला हा पोरखेळ वाटला. पण दुकानात बसून बघायला लागलो तेव्हा हळूहळू उलगडायला लागलं. सकाळची पहिली शरीर मागायचं, त्यात शंका नव्हती. तिच्याशिवाय अंगाला कापरं भरायचं. जेवणानंतरची शरीर आणि सवय दोघं मिळून मागायची. पण गिऱ्हाईक भाव पाडून निघून गेलं की लागायची ती बीडी कोणाची? ती रागाची होती. चहानंतरची होती ती हबीबभाईच्या सोबतीची. हबीबभाई माझ्या दुकानाच्या ओट्यावर शिलाईचं मशीन घेऊन बसायचे, माझं कापड आणि त्यांची शिलाई असं वर्षानुवर्षांचं होतं. चहा झाला की ते एक बीडी माझ्याकडे आणि एक स्वतःच्या ओठात, हे इतकं मुरलेलं की त्यासाठी दोघांपैकी कोणालाही काम थांबवावं लागत नसे.

त्यांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण ते मशीनचं चाक हातानं धरून बसले. म्हणाले, "शेठ, रोज्यात मले दिवसभर तिची यादच येत नाई. अन् मगरिबची अजान कानावर आली की खजूर हातात हाय तवाच दुसरा हात खिशात जाते. आता सांगा, दिवसभर कुठं लपून बसली होती ते?" मी म्हणालो, तुमचीही माझ्यासारखीच गत आहे. ते म्हणाले, "माह्यी असू द्या. पण तुमचा पाय जाऊन राह्यला. उद्यापासून च्या झाला की म्या मागच्या गल्लीत जाऊन ओढीन. तुमाले धूर दिसणार नाई." इतकी वर्षं उपदेश ऐकले होते, पण माझ्यासाठी जागेवरून उठून जाणारा हा पहिला माणूस. त्या दिवसापासून ते खरोखर उठून जायला लागले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघून मला फार भरून आलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. श्रावणातला दिवस होता. बोटाची जखम चिघळली होती आणि सकाळपासून माझं कोणाशी धड बोलणं नव्हतं. महासतीजींनी सांगितलेलं बघणं चालू होतं, पण बघून बघून मी वैतागलो होतो. कळून काय उपयोग, वेळ आली की हात जातोच. दुपारी स्थानकात गेलो आणि सामायिक घेतलं. सामायिक म्हणजे दोन घडी, पाऊण तासाच्या थोडं वर, तोंडावर मुहपत्ती, म्हणजे पांढऱ्या कापडाची पट्टी, बांधून एका आसनावर बसून राहायचं. संसाराचं काही करायचं नाही आणि वेळ पुरी होण्याआधी उठायचं नाही. वेळ मोजायला आमच्याकडे काचेची घडी असते, वरची वाळू खालच्या भांड्यात उतरते. ती पूर्ण उतरली की सामायिक पूर्ण करून उठायचं. स्थानकात त्या वेळी लांब कोपऱ्यात एक म्हातारेबुवा माळ ओढत होते, बाकी कोणी नव्हतं. आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे उन्हावरूनही वेळ कळत नव्हती.

बसल्यावर थोड्याच वेळात तलफ आली. अशी तलफ मला क्वचितच आली असेल. छातीत काहीतरी ओढायला लागलं, जीभ कोरडी पडली, मांडी घातलेल्या जागी बसवेना. माझं नवकार मंत्राकडे लक्ष नव्हतं, सगळं लक्ष त्या घडीवर. वाळू उतरली की उठायचं, स्थानकाच्या मागे जायचं आणि ओढायची, मग पाय गेला तर गेला. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होतो, डॉक्टरला, चिटणिसांना, महासतीजींना, ज्यानं पहिल्यांदा पानात तंबाखू गुंडाळली त्याला. घडीत वरच्या बाजूला थोडी वाळू उरलेली दिसत होती आणि ती संपेना. मी तिच्याकडे डोळे लावून बसलो. एवढीशी वाळू, आता संपेल, आता संपेल. मग त्या चिडीत केव्हातरी माझ्या ध्यानात आलं की छातीतली ओढ कमी झाली आहे. थोड्या वेळानं पुन्हा आली, पहिल्यापेक्षा लहान. तीही गेली. मग बराच वेळ काहीच आलं नाही आणि मी नुसता बसून राहिलो. बाहेर चिमण्यांचा आवाज चालला होता तो तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

कोपऱ्यातले बुवा उठून जवळ आले आणि म्हणाले, "काहून हो, आज तीन-चार सामायिका एकदमच घेतल्या काय? म्या दोन करून उठलो, तुमी बसूनच." त्यांनी वाकून माझी घडी बघितली. वाळू अडली होती. मधल्या बारीक वाटेत एखादा खडा बसला असावा. त्यांनी बोटानं काचेवर टिचकी मारली आणि उरलेली वाळू सरकन खाली गेली. ती घडी माझ्या वडिलांपासूनची, त्यांच्या काळात कधी अडली नव्हती, आणि त्यानंतरही मी रोज तीच वापरतो, ती पुन्हा कधी अडली नाही. मी यावर वाद घालणार नाही. कृपा हा शब्द आमच्यात जरा सांभाळून वापरतात. खडा होता म्हणावं तर खडा होता. पण त्या दुपारी वाळू वेळेवर उतरली असती, तर मी तलफ ऐन भरात असताना उठलो असतो आणि पेटवली असती, आणि जन्मभर हेच समजलो असतो की बीडी ओढल्यावर तलफ जाते. ती न ओढताही जाते, हे मला कोणी सांगून पटलं नसतं. मला कोणीतरी तिथे बसवून ठेवलं, एवढंच मला ठाऊक आहे.

महासतीजींना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर हसू दाबलं नाही. मी लगेच म्हणालो, आता पर्युषण येतंच आहे, अठ्ठाई करतो आणि त्यातच सोडतो. त्या म्हणाल्या, "या वर्षी अठ्ठाई नको. उपवासात सोडली तर पारण्याला परत येईल. बीडी तुमच्या दुकानात आहे, चहात आहे, रागात आहे. तिथे बसून, जेवून-खाऊन सोडा." हे फार जड होतं. अठ्ठाई ही माझी गावातली पत होती. पण आता माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता, रागासकट बसला होता. मी सकाळची बीडी पहिली सोडली. नवकारशीचं पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नियम, घेताना बीडीचंही नाव त्यात घेतलं. मग एका सोमवारी सगळ्याच. बायकोनं बडीशेप आणि लवंगा भाजून डबी भरून दिली. महासतीजींनी आधीच सांगून ठेवलं होतं की चार दिवस तुमच्या ओळखीचे असतील, अठ्ठाईतले तेच चार. खरंच तेच होते. डोकं तेच, हातांचा कंप तोच. फक्त या वेळी मी त्यांना नावानं ओळखत होतो.

त्या दिवसांत मी माणसांत राहण्यालायक नव्हतो. एका गिऱ्हाइकाला मी कापड न दाखवताच हाकललं, बायकोनं केलेली कढी खारट म्हणून ताट सरकवलं. कढी खारट नव्हती. तिनं ताट पुन्हा पुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमी नाई बोलून राह्यले, ते बोलून राह्यली. तिले बोलू द्या, तुमी जेवा." पर्युषणात चिटणिसांनी भर सभेत विचारलं, या वर्षी आपले तपस्वी कुठे आहेत? लोक हसले. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं, त्यांच्या गोदामाच्या पत्त्यासकट. मी लवंग चावली आणि बसून राहिलो. आतमध्ये पेटलेलं होतं, पण त्यासोबत तलफही उठली आणि मी ओळखलं, ही रागाची आहे. तिला येऊ दिली. ती आली आणि गेली. चिटणीस तोवर पुढच्या विषयावर गेले होते.

त्या बोटाला मात्र उशीर झाला होता. ते अकोल्याला कापावं लागलं. डॉक्टरांनी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाय बघितला, रंग बघितला आणि म्हणाले, दुखणं थांबलंय, शेवटी निग्रह केलात म्हणायचा. मी म्हणालो, "निग्रह माझ्याकडे आधीपासून होता साहेब. अक्कल नव्हती, ती एका बाईनं दिली." त्यांना ते आवडलं नसावं. मला बोलून फार बरं वाटलं.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपला आणि महासतीजी वाशिमकडे निघाल्या. आमच्यात साध्वींना पुढच्या मुक्कामापर्यंत पायी पोचवायला जातात. घरच्यांनी मला बैलगाडीत बसायला सांगितलं, मी ऐकलं नाही. मोठ्या महासतीजी दुखऱ्या पायानं हळूहळू चालत होत्या, त्यामुळे मलाही जमत होतं. त्या थांबल्या की मी थांबत होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती. रिठदच्या रस्त्याला एका पिंपळाखाली विसावा घेतला तेव्हा बाकीची मंडळी पाण्यापाशी होती. धाकट्या महासतीजी म्हणाल्या, "भाई, तुम्ही यावज्जीव नियम मागितला होता. आता हवा असेल तर देते."

मी हात जोडून उभा राहिलो. ज्या शब्दासाठी मी आषाढात एवढा जळफळलो होतो, तो त्या स्वतःहून देत होत्या. पण माझ्या तोंडून निघालं, "महाराज साहेब, यावज्जीव म्हणजे किती, ते मला माहीत नाही. आजचा द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डोळे मिटून पाठ म्हटला. मी म्हणालो, वोसिरामि. तिथे ना सभा होती, ना धन्य धन्य म्हणणारं कोणी. त्या उठल्या आणि चालू लागल्या.

माझा राग गेलेला नाही. नुसतं सोडा म्हणून निघून जाणाऱ्यांचा मला आजही येतो, आणि तो यायलाच हवा. पण रोज सकाळी मी पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो आणि तो एका दिवसाचा नियम स्वतःच म्हणून घेतो. पुढचा दिवस माझ्या हातात आहे असं मी आता मानत नाही. आजचा दिवस तेवढा मिळतो, मी तेवढा घेतो. मग उरलेल्या नऊ बोटांच्या पायांत चपला घालून दुकानाकडे चालू लागतो, आणि वाटेत कुठेही टेकावं लागत नाही.